वजन उतरत असताना कपड्यांचं काय करायचं?

प्रश्न असा आला आहे: वय ४२, उंची पाच फूट दोन इंच, बँकेत नोकरी. गेल्या सहा महिन्यांत वजन ८२ वरून ७२ वर आलंय, अजून आठ-दहा किलो उतरवायचंय. आठवड्यातून दोन दिवस साडी, बाकी कुर्ता-लेगिंग्ज किंवा जीन्स. सगळंच सैल झालंय आणि ऑफिसात "आजारी होतीस का?" असं विचारतात. डिसेंबरात भाच्याचं लग्न आहे. आत्ता सगळे कपडे आत घ्यायचे, नवीन घ्यायचे, की वजन हवं तिथे येईपर्यंत थांबायचं? सासूबाईंनी दिलेल्या पैठणीवरच्या ब्लाउजचं काय करायचं? आणि जुने मोठे कपडे ठेवायचे की देऊन टाकायचे?

ताई, सहा महिन्यांत दहा किलो म्हणजे घाई न करता, नीट उतरवलेलं वजन आहे. त्याबद्दल मनापासून शाबासकी. उरलेले आठ-दहा किलो याच वेगानं गेले तरी पाच-सहा महिने लागतील, आणि शेवटचे किलो बहुतेकींना जास्तच वेळ घेतात. म्हणजे आणखी निदान अर्धं वर्ष, कदाचित त्याहून जास्त. इतके दिवस कुणी सैल कपड्यांत काढू नयेत. माझं बायकांचे कपडे शिवायचं दुकान आहे. वजन कमी करणाऱ्या कितीतरी जणी माझ्याकडे येतात आणि त्या सगळ्यांना मी एकच सांगते: थांबू नका, पण कात्रीही लावू नका. आज अंगाला नीट बसेल असं करून घ्या. फक्त जे कराल ते उद्या उसवता आलं पाहिजे.

"आजारी होतीस का" हे लोक का विचारतात तेही सांगते. कपडा सैल झाला की तो पोटावर दिसत नाही, खांद्यावर दिसतो. खांद्याची शिवण दंडावर उतरते, वाकलं की गळा उघडा पडतो, बगलेखाली कापडाचा झोळ येतो. बघणाऱ्याला वाटतं, बाई खंगली. त्याच बाईला मापाचा कुर्ता घालायला दिला की तीच माणसं "किती छान बारीक झालीस" म्हणतात. त्यामुळे "ठरलेल्या वजनाला पोचले की मगच कपड्यांकडे बघेन" हा विचार सोडा. तोवर रोज आरशात ढगळ दिसत राहिलं तर सहा महिन्यांची मेहनत तुमची तुम्हालाच दिसत नाही, आणि मग नेट सुटतो. हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिलंय.

पहिलं काम मापाचं. शिंप्याकडे जाताना पिशवीत मापाचा ब्लाउज टाकायची आपली सवय असते. तुमचा तो ब्लाउज आता बाद. त्यावरून काहीही शिवायला देऊ नका, अंगावरच माप द्या. आणि त्या कपड्याखाली जी ब्रा घालणार असाल तीच घालून द्या, कारण ब्रा बदलली की छातीचं माप आणि टक्सची (छातीला आकार यावा म्हणून शिवलेल्या चिमट्यांची) उंची दोन्ही बदलतात. घरीही एक टेप आणून ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी काही खाण्याआधी पाच मापं वहीत लिहायची: छाती, छातीखालचा घेर, कंबर, सीट (म्हणजे नितंबांचा घेर) आणि दंड. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगाला सूज असते, तेव्हा मोजू नका.

किलो आणि इंच हातात हात घालून चालत नाहीत. तीन आठवडे काटा जागचा हलत नाही, पण छातीखालचा घेर अर्धा इंच उतरलेला असतो. उलट दोन किलो गेले तरी कंबर तेवढीच, असंही होतं. कुणाचा आधी चेहरा आणि गळा उतरतो, कुणाचे दंड, कुणाची सीट अगदी शेवटपर्यंत हलत नाही. पाच-सहा किलोंमागे एक साइझ हा ढोबळ हिशोब आहे. तुमच्या उंचीला तो थोडा आधीच लागू होतो. पण कपड्याला हात लावायचा तो इंचांवरून. छातीत किंवा कमरेत दोन इंचांचा फरक दिसला की समजा, एकदा आत घ्यायची वेळ आली. त्याच्या आत दर पंधरा दिवसांनी शिंप्याकडे फेऱ्या मारू नका. पैसेही जातात आणि सारख्या टिपा घालून-उसवून कापडाचा जीवही जातो.

पैसे खर्च करायचेच असतील तर सगळ्यात आधी ब्रावर करा. बायका इथेच हात आखडतात. ब्रेसियरचा मुख्य आधार छातीखालच्या पट्ट्याचा असतो, खांद्याच्या पट्ट्यांचा नाही. सगळ्यात आतल्या हुकवर लावूनही मागची पट्टी पाठीवर वर सरकत असेल तर ती ब्रा संपली. खांद्याचे पट्टे कितीही ओढले तरी उपयोग नाही. छातीखाली टेप घट्ट धरून माप घ्या, ३८ वरून ३६ किंवा ३४ वर आला असाल. नवीन घेताना बाहेरच्या हुकवर बरोबर बसणारी घ्या, म्हणजे आतले हुक पुढच्या दोन-तीन महिन्यांसाठी उरतात. एका वेळी दोन-तीनच घ्या. हे केलं की निम्मे कुर्ते आहेत तसेच बरे दिसायला लागतात.

आता ब्लाउज. साडी स्वतः मापाची नसते, ही आपली मोठी सोय आहे. साडेपाच मीटरची साडी ८२ किलोलाही तीच आणि ६२ किलोलाही तीच. कमरेचा-सीटचा घेर चार इंच कमी झाला की दोन फेऱ्यांतलं मिळून आठेक इंच कापड निऱ्यांत येतं, म्हणजे जवळजवळ एक निरी वाढते, इतकंच. बदलायचं असतं ते फक्त ब्लाउजचं. परकराची नाडी ओढता येते, पण जुन्या परकराच्या चुण्या आता कमरेला एका जागी गोळा होतात आणि वरून साडी फुगीर दिसते. एक-दोन परकर कमी घेराचे घ्या. साडीखालचा तो अंगाबरोबर बसणारा शेपवेअरचा परकर मात्र आत्ता घेऊ नका, दोन महिन्यांत तो सैल होईल.

रोजच्या ब्लाउजमध्ये दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच आत टीप घातली की पुढचं आणि मागचं कापड मिळून एकूण घेर दोन इंचांनी कमी होतो. इथपर्यंत काही बिघडत नाही. त्याहून जास्त आत घेतलं की मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, लहान होतो, बगलेत काचतं, आणि टक्सची टोकं छातीच्या मध्यावर न येता बाजूला सरकतात. मग समोरून ब्लाउज कितीही घट्ट असला तरी बेढब दिसतो. कटोरीच्या, म्हणजे छातीवर वाटीसारखा वेगळा तुकडा जोडलेल्या ब्लाउजमध्ये हे लवकर दिसतं, कारण कटोरी आतून रिकामी पडते आणि टोकाला चुणी येते. अशा वेळी बाजूनं आवळत बसू नका. तो ब्लाउज बाजूला ठेवा.

शिंप्याला सांगायचं ते नेमकं असं सांगा: "जुनी टीप उसवू नका, तिच्या आतून एकच टीप घाला. टाका मोठा ठेवा. बाहीच्या काठापासून बगलेतून खालच्या पट्टीपर्यंत एका ओळीत या. जास्तीचं कापड कापू नका, ओव्हरलॉकही करू नका." हे शेवटचं वाक्य दोनदा सांगा, कारण हातात कात्री असली की कापून साफ करायची सवय आम्हा लोकांना असते. आत राहिलेलं जादा कापड बगलेत टोचत असेल तर पाठीच्या बाजूला दुमडून हातानं चार टाके घालून घ्या. टीप फक्त धडाला घालून बाही तशीच सोडली तर बगलेत गाठोडं होतं. म्हणून बाहीपासून सुरुवात.

गळ्याचं वेगळं आहे. छातीच्या वरचा भाग उतरला की मागचा खोल गळा खांद्यावरून घसरतो. बाजूच्या टिपेनं तो कधीच सुधरत नाही. सोपा उपाय म्हणजे मागे दोरी लावणं, ती हवी तेवढी ओढता येते. खांद्याची शिवण उसवून पाव इंच उचलता येते, पण त्यानं मुंढाही वर जातो, म्हणून ते बघूनच करायला हवं. पुढचे हुक पाव-अर्धा इंच आत सरकवणं हे तर घरच्या घरी होतं. मात्र अर्ध्या इंचाच्या पुढे गेलात तर पुढचा गळा एका बाजूला ओढला जातो.

कुर्त्यांचं सोपं आहे. खांदा जागेवर असेल तर आत घ्या. खांद्याची शिवण दंडावर इंचभर किंवा जास्त उतरली असेल तर त्या कुर्त्यावर पैसे घालू नका. खांदा नीट करायचा म्हणजे बाही पूर्ण काढायची, मुंढा नव्यानं कापायचा आणि बाही परत चढवायची. त्या मजुरीत पुण्याच्या तुळशीबागेत किंवा दादरच्या हिंदमाताला साधा सुती कुर्ता येतो. अनारकली, ए-लाइन, पुढे बांधायचे कुर्ते आणि कमरेला मागून नाड्या असलेले कुर्ते आत्ता जास्त वापरा. सरळ कटचे, अंगाबरोबर शिवलेले कुर्ते या काळात शिवायला टाकू नका. आणि कुणी सांगितलं म्हणून गरम पाण्यात उकळून कपडा आटवायचा प्रयत्न करू नका. कापड आटतं ते बहुधा लांबीला जास्त. कुर्ता सैलच राहतो आणि वर आखूड होतो.

नाडी आणि इलॅस्टिकवाल्या सलवारी-पलाझोंत एकच गोष्ट करायची. नेफ्याची शिवण दोन बोटं उसवून ठेवा आणि इलॅस्टिक तिथून ओढून सेफ्टी पिननं आखूड करा. दर दोन महिन्यांनी पाच मिनिटांचं काम. सीट उतरली की पलाझो खाली घसरून टाचेखाली येते, तेव्हा खालचा काठ कापू नका, वर दुमडून हातानं टाके घाला.

जीन्स मागच्या मधल्या शिवणीतून दीड-दोन इंच आत घेता येते. त्यापुढे मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटायला लागतात आणि मांड्या-गुडघे ढगळच राहतात. आत्तापुरतं करायचं तर पट्ट्याच्या आतल्या बाजूनं दोन बारीक चिरा देऊन इंचभर रुंदीचं इलॅस्टिक मागच्या भागात घाला. वरून काही दिसत नाही आणि उद्या इलॅस्टिक काढलं की पट्टा परत तसाच. ऑफिसला आज बसणारी एक स्ट्रेच जीन्स मात्र विकत घ्या. एकच. ती वाळत असेल तेव्हा कुर्ता-लेगिंग्ज आहेतच.

पुढे बसतील म्हणून लहान मापाचे नवीन कपडे घेऊन कपाटाला लटकवू नका. त्याने नेट राहतो असं म्हणतात, मला उलटंच दिसलंय. ते रोज समोर दिसतात आणि "अजून नाही, अजून नाही" असंच सांगत राहतात. शिवाय उतरलेल्या अंगाचा आकार आधी कळत नाही. त्याच ६४ किलोंना लग्नाआधी तुमची कंबर जेवढी होती तेवढी आज असेलच असं नाही. बाळंतपणानंतर, चाळिशीनंतर वजन तेच राहूनही घेर वेगळीकडे असतो. तुमच्या स्वतःच्या जुन्या लहान कपड्यांची पेटी असेल तर ती मात्र आत्ताच उघडा. पाच-सहा आठवड्यांतून एकदा घालून बघा. त्यातले दोन-चार कुर्ते आजच बसतील, आणि त्याचे पैसे केव्हाच देऊन झालेत.

आता लग्नाचं बघू. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि त्याआधी दिवाळी असते, म्हणजे त्या दोन महिन्यांत कुठल्याही शिंप्याकडे हात रिकामा नसतो. म्हणून कापड आधी देऊन ठेवा, पण बाजू शिवायची ती शेवटी. सांगा की गळा, टक्स, हुकपट्टी, बाह्या आणि खालची पट्टी सगळं पूर्ण करा, मात्र दोन्ही बाजूंच्या टिपा कच्च्या ठेवा. अस्तर आणि वरचं कापड बाजूला एकत्रच धरा, आतून बंद करून शिवू नका. बाजूला दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडायला सांगा. लग्नाच्या आठवडाभर आधी अंगावर घालून बघा आणि मग पक्की टीप. एका सरळ ओळीचं काम असतं, गर्दीतही कुणी नाही म्हणणार नाही. सगळ्या समारंभांना वेगवेगळे ब्लाउज शिवू नका. हळदीला एक, लग्नाला एक, एवढे पुरे. त्यातला एक असा रंग निवडा, मोरपंखी किंवा गर्द लाल, जो तुमच्या तीन-चार साड्यांवर जाईल.

सासूबाईंच्या पैठणीवरचा ब्लाउज साडीतल्याच कापडाचा असेल तर त्याला सारखा हात लावू नका. रेशमावर सुईचं भोक पडलं की ते बुजत नाही, आणि काठातून टीप उसवताना जरीची तार तुटते. आत घेताना काही बिघडत नाही, भोकं शिवणीत जातात. पुढे कधी सैल करायची वेळ आली तर मात्र ती ओळ बाहेर येऊन दिसते. म्हणून आत्ता काही करू नका. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात आधी हातानं धावदोरा घालून बघा. बसला तर ११ नंबरच्या बारीक सुईनं एक टीप घाला, आणि कापड कापायचं नाही हे आलंच. दोन इंचांहून जास्त सैल असेल तर तो तसाच जपून ठेवा आणि पैठणीवर काठाच्या रंगाचा वेगळा ब्लाउज घाला. पैठणीला तो शोभतो. जुना ब्लाउज मलमलीत गुंडाळून ठेवा आणि डांबरगोळी जरीला लागू देऊ नका.

लग्नात हातात काय घालणार तेही आधीच बघून ठेवा. हात उतरलेले असतील. बांगड्यांचं माप दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि वर सहा सोळांश, दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच. तुमच्या काचेच्या बांगड्या आता एक नंबर लहान लागतील, कासाराकडे हात दाखवूनच घ्या. सोन्याच्या पाटल्या-अंगठ्या लगेच सोनाराकडे देऊन कमी करू नका. अंगठीला तळव्याच्या बाजूनं दोरा गुंडाळायची जुनी पद्धत चांगली आहे. सैल अंगठी भांडी घासताना किंवा गार पाण्यात हात धुताना गळते, तेवढं सांभाळा.

मोठ्या कपड्यांबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. "सगळे देऊन टाका, म्हणजे परत वजन वाढायची वाटच बंद" असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. वजन थोडंफार मागे-पुढे होतं. आजारपण येतं, घरातलं दुखणं निघतं, चार किलो परत येतात. तेव्हा अंगाला बसणारं काहीच कपाटात नसणं ही शिक्षा आहे, आणि ती कुणी स्वतःला देऊ नये. चांगल्या कापडाचे, नीट शिवलेले चार-सहा कपडे ठेवा. फक्त रोजच्या कपाटात नकोत, वरच्या माळ्यावरच्या बॅगेत. रोजच्या कपाटात आज बसतं तेवढंच दिसलं पाहिजे. मग सकाळी घाईत तीन कपडे घालून काढायची वेळ येत नाही.

बाकीचे मात्र द्या. विटलेले, खांदा गेलेले सुती कुर्ते बोहारणीला द्या. ती आता दारावर पूर्वीसारखी येत नाही, तरी जुन्या वस्तीत अजून भेटते. मऊ सुती साड्या आणि ओढण्या गोधडीसाठी काढून ठेवा. धड असलेले कपडे घरात कामाला येणाऱ्या बाईंना द्यायचे असतील तर आधी विचारून, धुऊन, इस्त्री करून द्या.

कायमचं काम कधी करायचं? वहीतली मापं तीन महिने तशीच राहिली की. मग खांदे नव्यानं बसवून घ्या, जादा कापड कापा, ओव्हरलॉक करा, चांगले ब्लाउज शिवा, सोनाराकडे जा. तेव्हाही रेशमी आणि भारी कपड्यांत इंचभर माया आत राहू द्या. दंडाची कातडी सैल झाली असेल तर बाहीचा घेर फार आवळू नका, काठाला कातडी दाबली जाते. कोपराच्या जरा वर येणारी बाही तिथे छान बसते.

हे तुमच्यासाठी नाही, पण उत्तर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी लिहून ठेवते. तुम्ही ठरवून वजन उतरवलंय. काहीही न करता कपडे सैल व्हायला लागले, सहा महिने ते वर्षभरात वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे ७० किलोच्या बाईचं साडेतीन किलोंहून जास्त, तर शिंप्याकडे येण्याआधी डॉक्टरांकडे जा. साखर, थायरॉइड, क्षयरोग अशा दुखण्यांची पहिली खूण कधीकधी सैल ब्लाउजच असते. माप घेताना ती आम्हाला दिसते आणि आम्ही बोललो तर राग मानू नका.

तुम्ही या महिन्यात एवढंच करा: टेप आणि वही, दोन ब्रा, एक जीन्स, आणि सगळ्यात जास्त वापरातले तीन ब्लाउज नि चार कुर्ते एका पिशवीत घालून शिंप्याकडे. बाकी सगळं दिवाळीच्या आधी एकदा परत मापं घेऊन बघू.